गृहविज्ञानात एम.एस्सी. करायची? आधी नोकरीची जाहिरात वाचा

मे महिना उजाडला की मला ठरावीक फोन येऊ लागतात. कुणाची भाची, कुणाची शेजारीण, कधी थेट मुलीच. "मॅडम, बी.एस्सी. होम सायन्स झालंय, पुढे एम.एस्सी. कुठे करू?" मी विचारते, "करून काय करायचंय?" पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "तेच तर विचारतेय ना!"

मी हसत नाही. माझी स्वतःची एम.एस्सी. मैत्रिणीने दोन फॉर्म आणले म्हणून झाली. एक तिचा, एक माझा. तिसऱ्या सत्रात कळलं की मला ज्या विषयावर काम करायचं होतं, त्यातलं त्या विभागात कुणीच नव्हतं. जे गाइड मिळाले ते चार महिने रजेवर, आणि माझा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, कपाटात. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण दोष अर्धा माझाही होता. मी काहीच विचारलं नव्हतं.

म्हणून हा लेख. गृहविज्ञान, होम सायन्स, सामुदायिक विज्ञान, गृहअर्थशास्त्र अशा कुठल्याही नावाखाली मास्टर्स करायचा विचार असेल, तर ही कामं ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने करा.

पहिलं काम: तीन जाहिराती शोधा

कॉलेजांच्या वेबसाइटी अजून उघडू नका. आधी नोकरीच्या तीन जाहिराती शोधा, ज्या जागेवर आपण बसावं असं मनापासून वाटतं अशा. जुन्या असल्या तरी चालतील. त्यातली 'शैक्षणिक अर्हता' ही ओळ वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या. पुढची सगळी निवड त्या ओळीवर ठरेल.

नमुन्यादाखल चार जागा बघा.

कृषी विज्ञान केंद्रात 'विषय विशेषज्ञ (गृहविज्ञान)' असं पद असतं. तिथे संबंधित विषयातली मास्टर्स लागते. काम गावात: बचत गटांना प्रक्रिया उद्योग शिकवणं, परसबाग, शेतकरी बायकांचे श्रम कमी करणारी साधनं.

कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर मास्टर्सला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट, म्हणजे देशपातळीवरची किंवा राज्याची पात्रता परीक्षा. नेटमध्ये 'होम सायन्स' हा एकच विषय आहे, कोड १२, आणि त्याच्या दहा घटकांत पोषणापासून वस्त्रशास्त्रापर्यंत आणि बालविकासापासून विस्तारशिक्षणापर्यंत (नवं ज्ञान लोकांपर्यंत पोचवण्याचं शास्त्र) सगळं येतं. म्हणजे दोन वर्षं फक्त आहारशास्त्र शिकलेल्या मुलीलाही सूत, विणी आणि रंगाई वाचावीच लागते. हे बहुतेकींना पहिल्या प्रयत्नानंतर कळतं! महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. कृषी विद्यापीठात शिकवायचं असेल तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची नेट वेगळी असते.

एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका व्हायचं असेल, तर अर्ज पदवीवरच भरता येतो. त्यासाठी दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे मास्टर्सवर घालायच्या आधी ती परीक्षा एकदा देऊन बघा.

आणि चौथी, जिथे सगळ्यात जास्त मुली फसतात ती जागा म्हणजे अन्नसुरक्षा अधिकारी. २०११ च्या नियमांतल्या पात्रतेत अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांतली पदवी किंवा रसायनशास्त्रातली मास्टर्स अशी यादी आहे. गृहविज्ञानाचं नाव त्या यादीत नाही. 'फूड' हा शब्द पदवीत आहे म्हणून सरकारी फूडची नोकरी मिळेल असं गृहीत धरू नका.

दुसरं काम: नावाचा घोळ सोडवा

एकाच विषयाची इतकी नावं का? थोडा इतिहास आहे. आपल्याकडे हा विषय 'होम सायन्स' म्हणूनच रुजला. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ चं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली. पुढे या नावाला 'स्वयंपाक-शिवणाचा कोर्स' असा वास येऊ लागला आणि संस्था ते बदलू लागल्या. बडोद्याची विद्याशाखा आता 'कुटुंब आणि समुदाय विज्ञान' आहे. कृषी विद्यापीठांत भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनंतर, २०१७ च्या सुमारास, गृहविज्ञानाचं 'सामुदायिक विज्ञान' झालं. अमेरिकेत तर 'होम इकॉनॉमिक्स'चं 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस' हे नव्वदच्या दशकातच झालं.

हा इतिहास परीक्षेसाठी सांगत नाहीये. अडचण पुढे आहे: जाहिराती अजून जुन्या नावाने निघतात. जाहिरातीत 'गृहविज्ञान' आणि तुमच्या गुणपत्रिकेवर 'सामुदायिक विज्ञान' किंवा 'ह्युमन डेव्हलपमेंट' असेल, तर कागद तपासणारा कारकून अडवतो. विद्यापीठाकडून समकक्षतेचं पत्र मिळतं का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. पदवी हातात आल्यावर विचारलंत तर टेबलामागून टेबल फिराल.

विदर्भातल्या मुलींसाठी आणखी एक फाटा. तिथे बी.ए.ला गृहअर्थशास्त्र हा विषय घेतलेल्या कितीतरी मुली असतात, आणि त्यांच्यापुढे एम.ए.चा पर्याय असतो. एम.ए. कमी दर्जाची असं मी मानत नाही. शिकवायचं असेल तर नेट-सेटचा रस्ता तिथूनही जातो. पण प्रयोगशाळेचं, रुग्णालयाचं किंवा कंपनीतल्या गुणवत्ता तपासणीचं काम डोक्यात असेल तर एम.एस्सी.च हवी. आणि बी.ए.वरून एम.एस्सी.त उडी मारता येते का, हे प्रत्येक विद्यापीठात वेगळं.

तिसरं काम: शाखा ठरवा

इथे घाई करू नका. कॉलेज चुकलं तर दोन वर्षं जातात, पण शाखा चुकली तर त्याचा त्रास नोकरीतही होत राहतो.

अन्न व पोषण. निम्म्याहून जास्त अर्ज इथेच पडत असतील असं मला नेहमी वाटतं. कारण उघड आहे: डाएटिशियन हा शब्द आता आजीलाही माहीत आहे. पण या शाखेच्या आत दोन वेगळे रस्ते आहेत. एक रुग्णालयाचा, म्हणजे मधुमेह, किडनी, अतिदक्षता विभागातला नळीतून दिला जाणारा आहार. दुसरा अन्नपदार्थांचा किंवा सार्वजनिक पोषणाचा. रुग्णालयाचा रस्ता हवा असेल तर अभ्यासक्रमाच्या नावात 'डायटेटिक्स' आहे का आणि रुग्णालयातली इंटर्नशिप कॉलेज लावून देतं का, हे बघा. इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'रजिस्टर्ड डाएटिशियन' परीक्षा द्यायची तर ती इंटर्नशिप लागतेच, आणि 'आमची मुलगी स्वतः शोधेल' म्हणणाऱ्या कॉलेजात मुलगी खरंच एकटी वणवण करते.

शिवाय या शाखेभोवतीचा कायदा बदलतो आहे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्यात आहारतज्ज्ञ आले. त्यापाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून अन्न व पोषण, क्लिनिकल न्यूट्रिशन असे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने द्यायला मनाई केली. 'घरबसल्या एम.एस्सी. न्यूट्रिशन' असं कुणी अजूनही विकत असेल तर फोन ठेवून द्या. याआधी इग्नू या मुक्त विद्यापीठातून अशी पदवी घेतलेल्या कितीतरी जणी चांगलं काम करताहेत. प्रश्न नव्याने प्रवेश घेण्याचा आहे.

मानव विकास. बालविकास, कौटुंबिक अभ्यास, विशेष मुलं, वृद्ध. गोड विषय, आणि गैरसमजही मोठा. ही पदवी घेऊन तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. बालवाडीची आखणी, प्रारंभिक बालशिक्षण, संस्थांमधले प्रकल्प, संशोधन यासाठी मात्र ही शाखा उत्तम. विभागाची स्वतःची चालू बालवाडी आहे का, एवढं विचारा. बडोद्यात 'चेतन बालवाडी' आहे, लेडी आयर्विनमध्ये राजकुमारी अमृत कौर बालअध्ययन केंद्र आहे. पोरांशिवाय बालविकास शिकणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहणं.

वस्त्र व परिधान. फॅशन डिझाइनच्या मोहाने येणाऱ्या मुली इथे खट्टू होतात, कारण इथे धागा आधी, रॅम्प कुठेच नाही. ज्यांना कापड तपासायला आवडतं, रंग किती टिकतो, कापड किती आटतं हे मोजायला आवडतं, त्यांना तपासणी प्रयोगशाळा आणि परदेशी ग्राहकांसाठी इथून कपडे खरेदी करणाऱ्या बायिंग हाउसेसचं दार उघडं असतं. मुंबई आणि इचलकरंजी जवळ असणं हा फायदा.

संसाधन व्यवस्थापन आणि ग्राहक विज्ञान. गृहव्यवस्थापन, अंतर्गत सजावट, श्रमविज्ञान (काम आणि साधनं शरीराला सोयीची करण्याचं शास्त्र), ग्राहक हक्क अशी खिचडी. कुठे सजावटीचा भाग जास्त, कुठे श्रमविज्ञानाचा. अभ्यासपत्रिका वाचल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. ग्राहक चळवळीत रस असेल तर आपल्याकडे १९७५ पासून चालू असलेली मुंबई ग्राहक पंचायत आहे आणि २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आहे. प्रबंधासाठी विषय पडलेत, उचलणारं कुणी नाही.

विस्तारशिक्षण आणि संवाद. माझं मत विचाराल तर सगळ्यात दुर्लक्षित शाखा हीच. नाव रुक्ष, म्हणून गर्दी नाही. पण माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), ग्रामीण बचत गटांचं उमेद अभियान, पोषणावर काम करणाऱ्या संस्था, कृषी विज्ञान केंद्रं या सगळ्यांना हवी असते ती बाई, जी गावातल्या बैठकीत पाच मिनिटांत लोकांना बोलतं करते आणि संध्याकाळी अहवालही लिहिते. ते कसब इथे शिकवतात. ज्यांना एसी ऑफिस हवं आहे त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

चौथं काम: श्रेयांक (क्रेडिट) मोजा

माहितीपुस्तकातली सगळ्यात कंटाळवाणी पानं सगळ्यात उपयोगी असतात. महाराष्ट्रातल्या अकृषी विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांची मास्टर्स ८८ श्रेयांकांची आहे, दर सत्राला २२. त्यात संशोधनपद्धतीला ४, प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला ४ आणि संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या-चौथ्या सत्रांत मिळून १०. एक वर्षाने पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही सोय आहे.

कृषी विद्यापीठातली एम.एस्सी. ७० श्रेयांकांची, पण त्यात एकट्या प्रबंधाला ३०. आता ताळा करा: एकीकडे ८८ पैकी १०, दुसरीकडे ७० पैकी ३०. पीएच.डी. करायची आहे, संशोधनात रमायचं आहे, तर दुसरा रस्ता. लवकर कामाला लागायचं आहे आणि प्रबंधाच्या नावाने पोटात गोळा येतो, तर पहिला. दोन्ही बरोबर आहेत, पण मुलीला कुठला मानवेल हे कागदावरच दिसत असताना कुणी बघत नाही.

पाचवं काम: संस्थांची छोटी यादी

तीन किंवा चार नावं, जास्त नकोत.

मुंबईत दोन जुनी घरं. एक एसएनडीटी: महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं महिला विद्यापीठ, ज्याला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी देऊन आईचं नाव दिलं. त्याचं गृहविज्ञान महाविद्यालय जुहूच्या परिसरात आहे, आणि पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या आवारातही हे शिक्षण मिळतं. दुसरं न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन, मुंबई विद्यापीठाशी संलग्न.

मराठवाड्यात परभणी. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय. शेतकरी महिलांसाठीचं काम जिथे खऱ्या अर्थाने चालतं अशी ही जागा. पुण्या-मुंबईच्या मुली 'परभणी?' म्हणून नाक मुरडतात. मुरडू द्या, तेवढीच स्पर्धा कमी.

विदर्भात नागपूर आणि अमरावती विद्यापीठांच्या कक्षेतली कॉलेजं, त्यातलं एक नागपूरचं एलएडी. गोव्यातल्या मुली पणजीला कांपालच्या होम सायन्स कॉलेजात पदवी घेतात आणि पुढे बऱ्याचदा मुंबईचा विचार करतात.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बडोदा (मराठी कानाला परकं वाटणार नाही), दिल्लीचं लेडी आयर्विन, कोइंबतूरचं अविनाशीलिंगम. पोषणात संशोधनाकडे ओढा असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची उपयोजित पोषणातली एम.एस्सी. जरूर बघा. एसएनडीटी आणि लेडी आयर्विन मुलींसाठी आहेत. या विषयाकडे येणारे मुलगे थोडे असले तरी असतात, आणि त्यांच्यासाठी बडोद्यासारखी जागा सोयीची.

सहावं काम: स्वतः जाऊन बघा

हे टाळू नका. एसटीचं तिकीट दोन वर्षांच्या फीपेक्षा स्वस्त असतं. परीक्षा संपल्यावरचा एखादा कामाचा दिवस निवडा आणि अकराच्या सुमारास पोचा.

प्रयोगशाळेत डोकवा. प्रथिनं मोजायचं केजेल्डाल यंत्र आहे का, स्निग्धांश काढायचं सॉक्सलेट चालतं का. वस्त्र विभागात ताणशक्ती मोजणारं यंत्र, रंगाचा पक्केपणा तपासणारं क्रॉकमीटर. यंत्र असणं आणि वापरात असणं यात फरक आहे. एका ठिकाणी यंत्रावर प्लॅस्टिकचं कव्हर होतं आणि कव्हरवर बोटाने कुणीतरी बदाम काढला होता. धूळ तेवढी जाड होती.

ग्रंथालयात गेल्या तीन वर्षांचे प्रबंध मागा. विषय एकसारखेच दिसताहेत का? 'अमुक शहरातल्या महाविद्यालयीन मुलींच्या आहारविषयक ज्ञानाचा अभ्यास' असे ओळीने दहा प्रबंध असतील तर समजून घ्या. पहिल्या पानांवर गाइडची नावं असतात. ती मंडळी अजून विभागात आहेत, की निवृत्त झाली? पूर्णवेळ किती, तासिका तत्त्वावर किती? हे प्रमुखांना विचारलंत तर गोड उत्तर मिळेल. कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा.

त्यांना हेही विचारा: मागच्या बॅचच्या मुली आत्ता काय करताहेत? 'चांगल्या सेटल झाल्यात' हे उत्तर नव्हे. कुठे, कोणत्या पदावर, हे विचारा.

तारखा आणि पैसे

दिल्लीसारख्या ठिकाणी प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेवर होतो, आणि गेल्या काही वर्षांत ती परीक्षा मार्चमध्ये होते. म्हणजे फॉर्म हिवाळ्यातच भरायचा. अंतिम वर्षाचा निकाल लागल्यावर जागं होणाऱ्यांची ती गाडी चुकते. कृषी विद्यापीठांसाठी राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर वेगळ्या प्रवेशपरीक्षा असतात. शिवाय तिथे चार वर्षांच्या पदवीची अट आडवी येऊ शकते. तुमची बी.एस्सी. तीन वर्षांची असेल तर माहितीपुस्तकातली पात्रतेची ओळ फी भरण्याआधी वाचा. मुंबई-नागपूरकडची प्रक्रिया बहुधा पदवीच्या निकालानंतर सुरू होते.

मुलींना शिक्षण मोफत झालं, असं ऐकून अनेक पालक येतात. २०२४-२५ पासूनची ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांना आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांना आहे. तुमचा कोर्स त्यात बसतो का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर लेखी विचारा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या इतर योजना आहेतच. फीशिवायचा खर्चही मोजा: प्रबंधासाठी रसायनं, नमुन्यांची बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी, सर्वेक्षणाचा प्रवास. तो कोण करतं, कॉलेज की तुम्ही?

परदेशात जाणार असाल तर

लग्नानंतर अमेरिकेत जाणाऱ्या मुली विचारतात, "माझी एम.एस्सी. तिकडे चालेल का?" आहारतज्ज्ञ म्हणून काम करायचं असेल तर थेट चालत नाही. तिथल्या नोंदणी परीक्षेला बसायला १ जानेवारी २०२४ पासून मास्टर्स सक्तीची झाली आहे, आणि त्याबरोबर तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि देखरेखीखालचं प्रशिक्षणही लागतं. इथली पदवी मूल्यांकनात उपयोगी पडते, पण उरलेला भाग तिथे जाऊनच पूर्ण करावा लागतो. तेव्हा जाणं नक्की असेल तर अभ्यासपत्रिकेची, प्रत्येक विषयाच्या तपशिलासह, शिक्का मारलेली प्रत घेऊनच विद्यापीठाबाहेर पडा. दहा वर्षांनी अमेरिकेतून ती मागवणं किती जड जातं ते मी जवळून पाहिलंय.

फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी

पहिल्या दिवशी वहीत उतरवलेल्या त्या तीन ओळी काढा. त्यांच्याशेजारी निवडलेल्या अभ्यासक्रमाचं अचूक नाव लिहा, गुणपत्रिकेवर येईल तसं. जुळतंय? मग स्थलांतर प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, जातवैधता यांच्या तारखा तपासा, आणि वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच टाका. तो वेगळा असतो, आणि खोल्या आधी संपतात.